घरखरेदी : बयान्यापूर्वीची दक्षता
उज्जैन नगरीत घर घेऊ इच्छिणाऱ्याने जागा शक्यतो पावसाळ्यात पाहावी. क्षिप्रेला पूर आला की रामघाट पाण्याखाली जातो. सखल वस्तीतील भिंतींची ओलही तेव्हाच ध्यानी येते. त्यानंतर उपनिबंधक कार्यालयात पूर्वीचे व्यवहार व बोजा तपासावा. वडिलोपार्जित वाडा असल्यास सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. परिसरातील नोंदलेल्या व्यवहारांवरून किंमत ठरवून मगच लेखी प्रस्ताव द्यावा.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये केवळ विक्रीच्या करारामुळे मालकी मिळत नाही. १०० रुपये वा अधिक किमतीच्या घरासाठी नोंदणीकृत खरेदीखतच आवश्यक असते. म्हणून बयाना अल्प द्यावा, पावती घ्यावी आणि मालकी हक्कात दोष आढळल्यास रक्कम परत मिळण्याची अट तीत नमूद करावी. आयुष्यभराची पुंजी तोंडी शब्दावर सोपवू नये.