कुलूपबंद यंत्र आणि मुक्त विद्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक यंत्र गेली दोन वर्षे कापडाखाली झाकलेले आहे. त्यास थ्री-डी प्रिंटर म्हणतात. सोऱ्यातून चकली पडावी तसा वितळलेल्या प्लॅस्टिकचा तंतू त्याच्या तोंडातून पडतो आणि थरावर थर चढून वस्तू आकारास येते. यंत्र मोडलेले नाही. मात्र त्यास त्याच कंपनीची, चिप बसविलेली तंतुपेटी लागते आणि ती पेटी आता मिळेनाशी झाली आहे. बाजारात तंतू मुबलक आहे. परंतु यंत्र तो ओळखत नाही. मुले विचारतात, "सर, हे कधी चालू होणार?" आम्ही निरुत्तर होतो.

वास्तविक या यंत्राचा घरगुती अवतार मुक्त विद्येतूनच जन्मला. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी २००५ साली 'रेपरॅप' प्रकल्प आरंभिला. यंत्राने स्वतःचे सुटे भाग स्वतःच घडवावेत आणि त्याचे आराखडे सर्वांना विनामूल्य मिळावेत, ही त्यामागील कल्पना. २००९ साली या पद्धतीच्या मूळ पेटंटाची मुदत संपली आणि अनेक लहान कारखाने उभे राहिले. न्यूयॉर्कची मेकरबॉट त्याच वर्षीची. परंतु २०१२ साली तिने नव्या यंत्राचे आराखडे राखून ठेवले आणि २०१३ मध्ये मूळ पेटंटधारक स्ट्रॅटॅसिस कंपनीनेच तिला विकत घेतले. सामुदायिक विहिरीवर अखेर खाजगी रहाट बसला!

बंद यंत्राचे गुणही न्यायाने मान्य केले पाहिजेत. ते खोक्यातून काढताच चालते. मुक्त यंत्र मात्र पुष्कळदा स्वतः जुळवावे लागते, आणि त्यास चिकाटी हवी. ज्यास केवळ वस्तू हवी, त्याने पहिले घेतल्यास आमचा आक्षेप नाही. तथापि पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कोणताही तंतू चालेल काय? सुटे भाग इतरत्र मिळतील काय? उद्या कंपनी बंद पडली तर यंत्र चालेल काय?

शाळेस तर वस्तूपेक्षा विद्या हवी. म्हणून येत्या सुटीत नववीची मुले त्या झाकलेल्या यंत्राचे जुने नियंत्रक मंडळ काढून, 'मार्लिन' ही मुक्त प्रणाली चालविणारे नवे मंडळ बसविणार आहेत. यश येईलच असे नाही. परंतु यंत्राच्या पोटात काय असते, हे त्यांना निश्चित कळेल.