टाकसाळीची चूक की हाताची करामत?

हैदराबादेतील कित्येक मराठी घरांत देव्हाऱ्यातील डबीत, लक्ष्मीपूजनाच्या थैलीत किंवा आजीच्या पेटीच्या तळाशी जुनी नाणी जपून ठेवलेली असतात. त्यांत चारमिनार छापाचे हाली रुपये असतात, इंग्रजी अमदानीतील पैसे व आणे असतात, आणि १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाचे नये पैसेही असतात. त्यांतील एखादे नाणे कधी इतरांहून निराळे दिसते. छाप एका अंगास सरकलेला असतो, कडेचा लचका तोडल्यासारखा असतो, किंवा दोन्ही बाजूंस एकच चित्र असते. मग कोणी सांगतो, हे टाकसाळीच्या चुकीचे नाणे, याला लाखो रुपये येतील. दुसरा म्हणतो, खोटे आहे, टाकून द्या. पहिल्याच्या सल्ल्याने माणूस फसण्याचा संभव, तर दुसऱ्याच्या सल्ल्याने एक खरी दुर्मिळ वस्तू हातची जाण्याचा. म्हणून अशा नाण्याची परीक्षा कशी करावी हे प्रत्येक कुटुंबातील निदान एका माणसास तरी ठाऊक असावे.

या परीक्षेचे सारे मर्म एका प्रश्नात आहे. दिसते आहे ती चूक टाकसाळीत नेमक्या कोणत्या पायरीवर घडू शकली असती? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले तरच पुढे जावे. मिळाले नाही, तर ते नाणे टाकसाळीबाहेर बिघडले आहे किंवा कोणी बिघडवले आहे असे समजावे.

तेव्हा प्रथम नाणे कसे पडते ते पाहू. धातूची लांब पट्टी ठराविक जाडीची लाटून घेतात व तीतून यंत्राने गोल चकत्या कापतात. मग चकतीची कड दाबून किंचित उंच करतात. त्यानंतर चकत्या तापवून मऊ करतात व धुऊन स्वच्छ करतात. शेवटी चकती वरच्या व खालच्या ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती कॉलर नावाचे पोलादी कडे असते. ठशांचा दाब पडताच दोन्ही बाजूंस चित्र उमटते, आणि कड्यामुळे नाणे गोल राहून त्याच्या कडेवर दाते उठतात. पुढे तपासणी होऊन नाणी मोजली जातात व पिशव्यांत भरली जातात. या तपासणीतून जे सदोष नाणे निसटते, तेच संग्राहकांचे 'चुकीचे नाणे' होय.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. शिवराई, पेशवाईतील अंकुशी रुपया किंवा जुने हातघडणीचे हाली नाणे घेतले, तर छाप सरकलेला व अर्धी अक्षरे कडेबाहेर गेलेली आढळणे हीच सामान्य गोष्ट. ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे आणि तो हातोड्याने ठोकला जाई. अशा नाण्यास चुकीचे नाणे म्हणून जास्त किंमत मागणे गैर आहे. सरकलेल्या छापाला चूक ठरवावयाचे तर ते नाणे यंत्रावर पडलेले असले पाहिजे.

तसेच काही गोष्टी चुका नसूनही चुका म्हणून खपविल्या जातात. सालाखालील चांदणी ही त्यांपैकी एक. ती आपल्या हैदराबाद टाकसाळीचीच खूण आहे. चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ ची नाणी ही देवस्थान मंडळाच्या स्मरणार्थ रीतसर काढलेली होत. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची कथाही वेगळी. सम्राटाच्या अंगावरील मानाच्या साखळीत कोरलेला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला. त्यामुळे बोभाटा झाला आणि १९१२ च्या रुपयावर ते चित्र सुधारण्यात आले. पण ती चित्रकाराची चूक होती. यंत्राने आपले काम चोख केले होते, म्हणून त्या सालचा प्रत्येक रुपया तसाच आहे.

आता खऱ्या चुका व त्यांच्या नकला पाहू. पट्टी पुरेशी पुढे न सरकता कापणारे यंत्र पुन्हा खाली आले, तर नव्या चकतीस आधीच्या भोकाचा गोलसर लचका बसतो. अशा नाण्यावर लचक्याच्या बरोबर समोरची कड दबलेली किंवा अस्पष्ट आढळते. कारण कड उचलण्याच्या वेळी एका बाजूस धातूच नव्हता, म्हणून दुसऱ्या बाजूस दाब बसला नाही. शिवाय लचक्याजवळची अक्षरे किंचित ओढल्यासारखी होतात. कानशीने घासून केलेल्या नाण्यात अक्षरे चाकूने कापल्यासारखी तुटतात, समोरची कड भक्कम असते आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे दिसतात.

चकती ठशाखाली नीट न बसल्यास छाप सरकतो. अशा वेळी कोरा राहिलेला भाग दोन्ही बाजूंस नाण्याच्या त्याच कडेला आला पाहिजे. एकाच बाजूचे चित्र सरकले असून दुसरी बाजू ठीक असेल, तर एकच ठसा किंचित हलला होता असे समजावे. ती साधी गोष्ट असून तिला मोल थोडे.

जुन्या नाणेबाजारात ज्याला 'लाखी' म्हणतात ते नाणे विशेष पारखून घ्यावे. पडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले व खाली दुसरी चकती आली, तर तिच्या खालच्या बाजूस छाप नीट उठतो आणि वरच्या बाजूस तेच चित्र खोलगट व उलटे, आरशातल्यासारखे, उमटते. याची नक्कल दोन नाणी शेगड्यात घट्ट आवळून करतात. नकलेत खोलगट चित्राखाली मूळ छापाचे अवशेष राहतात व दुसरी बाजू चपटी झालेली असते. खऱ्या नाण्याची उठावाची बाजू मात्र स्वच्छ व पूर्ण असते. दोन्ही बाजूंस तेच चित्र उठावदारच असेल, तर बहुधा ती जादूगाराच्या उपयोगाची वस्तू असते. एक नाणे आतून पोकळ करून त्यात दुसऱ्याची पातळ चकती बसविलेली असते. कडेच्या आतील बाजूस सांधा शोधावा, आणि नाणे फरशीवर टाकून नाद ऐकावा. सांधलेल्या नाण्याचा नाद बद्द येतो.

ठसा फिरलेले नाणे ओळखण्यासाठी ते वरच्या व खालच्या टोकास चिमटीत धरून पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवावे. आपल्या रुपयाची दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. थोडासा कल नेहमीचा असतो. आडवे किंवा उलटे चित्र आल्यास ते जपावे. दहा रुपयांच्या दुहेरी धातूच्या नाण्यात मात्र मधली चकती काढून फिरवून बसविण्याची लबाडी होऊ शकते. म्हणून वलयावरील मजकूर व मधले चित्र यांचा त्याच बाजूवर नेहमीचा मेळ आहे ना, ते पाहावे.

चुकीच्या चकतीवर पडलेल्या नाण्याचा निवाडा तराजू करतो. १९८३ ते १९९१ चा तांबे-निकेलचा रुपया ६ ग्रॅमचा. १९९२ पासून २००४ पर्यंतचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा, आणि त्या काळातील पोलादी पन्नास पैसे सुमारे ३.८ ग्रॅमचे. १९९५ सालचा रुपया आकाराने लहान, कडेची अक्षरे गेलेली आणि वजनाने ३.८ ग्रॅम भरला, तर तो पन्नास पैशांच्या चकतीवर पडला असावा अशी शंका रास्त आहे. पण वजन टाकसाळीत त्या वेळी बनणाऱ्या कोणत्याही नाण्याशी जुळत नसेल, तर आम्लात बुडवून किंवा घासून धातू कमी केल्याचा संशय धरावा. लोहचुंबकही उपयोगी पडतो. १९५० चा निकेलचा रुपया व पोलादी रुपया त्याला चिकटतात, तांबे-निकेलचा चिकटत नाही. इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा.

या कामासाठी सराफाचा काटा, दहापट मोठे दाखविणारे भिंग व लोहचुंबक एवढे सामान पुरे. मात्र नाणे चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये. पृष्ठभागावरील धातूचा मूळ ओघ हाच सर्वांत मोठा पुरावा असतो, आणि एकदा तो पुसला की जाणकारालाही निर्णय देणे कठीण जाते. खरेखोटे करण्यासाठी कापणे वा वितळविणे तर मुळीच नको. चलनी नाणे वितळविण्यास वा नष्ट करण्यास २०११ च्या नाणेविषयक कायद्याने मनाई आहे.

घरची परीक्षा उतरली तरी तिला अंतिम निकाल समजू नये. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था किंवा विश्वासू जुना संग्राहक यांना नाणे दाखवावे. आपल्या शहरात सैफाबाद येथे १९०३ पासून टाकसाळ होती. १९९७ मध्ये काम चेर्लापल्लीस गेले आणि २०२२ मध्ये जुन्या वास्तूत संग्रहालय उघडले. मुलांना तेथे एकदा अवश्य न्यावे. यंत्रे डोळ्यांनी पाहिली म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्या मनात पक्क्या बसतात.

किंमतीविषयी एकच इशारा. नाणे विकून देतो, आधी नोंदणीचे किंवा कराचे पैसे भरा, असे कोणी फोनवरून सांगितले तर तेथेच बोलणे थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असा गंडा घालणारे लोक निघाल्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जनतेस जाहीर सूचना दिली. आपण असल्या व्यवहारात पडत नाही आणि कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे.

शेवटी, असे नाणे कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवून सोबत एक चिठ्ठी घालावी. नाणे कोणाकडून व केव्हा आले, वजन किती, चुंबकाला चिकटते की नाही, कोणी पाहिले व काय मत दिले, हे तीत लिहावे. शंका असेल तर 'शंकास्पद' असेच लिहावे. पुढे नातवंडांनी ते नाणे विकले, कोणास भेट दिले किंवा एखाद्या संस्थेच्या स्वाधीन केले, तरी घेणाऱ्याची फसवणूक होणार नाही आणि घराण्याच्या शब्दाला बट्टा लागणार नाही.