आधी कनेक्शन बघा, मग सर्व्हरला नावं ठेवा

समजा, काटेवाडीत बसून तुम्ही मुंबईतल्या सर्व्हरला एकामागून एक १०० रिक्वेस्ट पाठवताय. जाऊन-येऊन एका फेरीला ४० मिलिसेकंद लागतात. दरवेळी नवं कनेक्शन उघडलं, तर टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ ची एक आणि रिक्वेस्टची एक. झाले १२० मिलिसेकंद. शंभरांचे १२ सेकंद! तेच कनेक्शन पुन्हा वापरलं, तर जेमतेम ४ सेकंद. सर्व्हर तोच. मग प्रबंधात ‘सर्व्हर हळू आहे’ लिहिलंत, तर तुम्ही मोजलात तो हँडशेक!

पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’मध्ये नुसतं ‘गेट’ दरवेळी नवं कनेक्शन उघडतं. एकच ‘सेशन’ ठेवा. थ्रेड अनेक असतील तर पूलचा आकारही नोंदवा. पहिली रिक्वेस्ट मात्र वेगळी मोजा.