नगर परिषद, नागरिक आणि स्थानिक वार्ता : यवतमाळ शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नागरी जीवनाचा दर्जा मुख्यतः नळाचे पाणी, नालीची सफाई, कचऱ्याची गाडी, पथदिवे, रस्ते आणि दाखले या रोजच्या बाबींवरून ठरतो. या सेवा कोण देतो, केव्हा देतो, त्यासाठी किती कर घेतो आणि सेवा न मिळाल्यास दाद कोठे मागावयाची, याची माहिती नागरिकांपर्यंत पोहोचणे हा स्थानिक स्वराज्याचा एक आवश्यक भाग होय. सेवांइतका या माहितीचा विचार मात्र होत नाही. प्रस्तुत लेखात यवतमाळ शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शहर आणि त्याची वाढ

वऱ्हाडातील वणी जिल्ह्याची १९०५ मध्ये पुनर्रचना होऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. जिल्ह्याचे मुख्यालय असल्याने कचेऱ्या, न्यायालये, शाळा, महाविद्यालये आणि कापसाचा व्यापार यांच्या आधारे शहर वाढत गेले. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ नगर परिषद क्षेत्राची लोकसंख्या १,१६,५५१ इतकी होती. हा आकडा संपूर्ण शहराचे चित्र दाखवीत नाही. वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर, भोसा यांसारख्या लगतच्या गावांत दाट वसाहती उभ्या राहिल्या होत्या. तेथील रहिवासी नोकरी, बाजार व शिक्षण यांसाठी यवतमाळवर अवलंबून होते. त्यांची घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीकडे जमा होत असे. २०१६ च्या नगर परिषद निवडणुकीपूर्वी झालेल्या हद्दवाढीत ही गावे नगर परिषदेत समाविष्ट झाली.

हद्दवाढीचा विचार सामान्यतः रस्ते, नाल्या, पथदिवे आणि करवाढ या अंगांनी होतो. तिची आणखी एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे ग्रामसभेचा लोप.

ग्रामसभा ते प्रभाग

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विकासकामे आणि योजनांचे लाभार्थी हे विषय तेथे मांडले जातात. प्रत्यक्षात अनेक ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, हे खरे आहे. तरीही सरपंचाला समोरासमोर प्रश्न विचारण्याचे एक कायदेशीर व्यासपीठ ग्रामस्थाला लाभते.

नगर परिषदेत समाविष्ट होताच हे व्यासपीठ संपुष्टात येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यातील अनुच्छेद २४३-एस अन्वये प्रभाग समित्यांची हमी केवळ ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांना आहे, आणि ही लोकसंख्या प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेवरून मोजली जाते. परिणामी ग्रामसभा व प्रभाग समिती या दोन्ही घटनात्मक व्यवस्थांच्या मधल्या पोकळीत मध्यम आकाराचे शहर सापडते. पाचशे घरांच्या गावातील मतदाराला जे व्यासपीठ आहे, त्याची घटनात्मक हमी लाखाच्या वस्तीतील मतदाराला नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या (२००५) काळात केंद्राने तयार केलेल्या नमुना नगरराज विधेयकात मतदान केंद्राच्या पातळीवर 'क्षेत्रसभा' सुचविण्यात आली होती. ही सूचना नेमकी याच उणिवेवर बोट ठेवणारी होती.

अशा शहरात नागरिक व नगर परिषद यांच्यातील मुख्य दुवा म्हणजे नगरसेवक. परंतु हा दुवाही अखंड राहिला नाही. अनुच्छेद २४३-यू नुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक होणे अपेक्षित असताना, इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या वादामुळे राज्यातील बहुसंख्य नगर परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका पार पडल्या. या मधल्या काळात वॉर्डातील तक्रार नेमकी कोणाकडे न्यावयाची, हा साधा प्रश्नही बिकट झाला होता.

सेवा एक, यंत्रणा अनेक

पाणीपुरवठ्याच्या उदाहरणावरून माहितीचे महत्त्व स्पष्ट होते. यवतमाळ शहरास निळोणा व चापडोह या धरणांतून पाणी मिळत आले आहे. शहराची पाणीपुरवठा योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्यस्तरीय संस्थेने चालविली आहे. म्हणजे नाली तुंबली तर नगर परिषद आणि नळ कोरडा पडला तर प्राधिकरण, अशी जबाबदारीची विभागणी होते. नळाचे पाणी न आल्यास नागरिक प्रथम नगरसेवकाचे दार ठोठावतो, कारण मत त्याने नगरसेवकास दिलेले असते.

२०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. टँकर, विंधनविहिरी आणि सार्वजनिक विहिरी यांवर दिवस काढावे लागले. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पातून शहरास पाणी आणण्याची योजना केंद्राच्या अमृत अभियानातून (२०१५) हाती घेण्यात आली होती. निधी केंद्र व राज्याचा, कामाची जबाबदारी प्राधिकरणाची, खोदलेला रस्ता नगर परिषदेचा आणि तहान नागरिकाची, असा हा चौपदरी व्यवहार होता. अशा प्रसंगी पुढील पाळी कोणत्या दिवशी, टँकर कोणत्या चौकात आणि तक्रार कोणत्या कार्यालयात, ही तीन वाक्यांची माहितीही सेवेइतकीच मोलाची ठरते. ती न मिळाल्यास ज्याची ओळख आहे त्यालाच पाणी मिळते आणि टंचाईची झळ गरीब वस्तीस अधिक बसते.

मालमत्ता कराबाबतही हेच दिसते. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमानुसार ठरावीक काळाने कर आकारणीची फेरतपासणी होते, यादी प्रसिद्ध केली जाते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. सूचना वेळेत वाचनात न आल्यास हरकत घेण्याची संधी निघून जाते. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्या नवीन हद्दीतील रहिवाशास ही प्रक्रिया अपरिचित असते. मागणी बिल हातात पडल्यावरच त्याला आकारणीची वार्ता कळते.

कायद्याने दिलेली साधने

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये, अधिकारी, निर्णयप्रक्रिया, अंदाजपत्रक इत्यादी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. अर्ज करून माहिती मागण्याची वेळच येऊ नये, हा या कलमाचा हेतू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सेवांची यादी, शुल्क, मुदत व अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे आवश्यक आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

तथापि, कार्यालयातील फलक कार्यालयात येणारालाच दिसतो. रोजंदारी बुडवून नगर परिषदेत जाणे ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत ही माहिती वॉर्डातच पोहोचणे आवश्यक आहे.

स्थानिक वृत्तपत्रे व महाविद्यालये

यवतमाळला वृत्तपत्रांची जुनी परंपरा आहे. लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक याच शहरातून सुरू केले. आज जिल्हा पुरवणीत नगर परिषदेच्या सभेतील गदारोळास जागा मिळते. परंतु सभेत मंजूर झालेला ठराव, कामाची रक्कम, कंत्राटाची मुदत हा तपशील अनेकदा मागे पडतो. मोबाईलवरील समूहांमुळे वार्ता जलद पसरते, मात्र तिची खातरजमा होत नाही. पाणी येणार असल्याच्या अफवेने भांडी मांडून बसलेली गल्ली हे त्याचेच द्योतक आहे.

या संदर्भात महाविद्यालये उपयुक्त भूमिका बजावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक सेवांची यादी व तक्रारीचे पत्ते वॉर्डनिहाय भित्तिपत्रकाच्या रूपाने लावू शकतील. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नगर परिषदेचे अंदाजपत्रक वाचण्याचा प्रकल्प देता येईल. अर्थशास्त्र विभाग नवीन हद्दीतील कर व सेवा यांचा तौलनिक अभ्यास करू शकेल. ग्रंथालयात नगर परिषदेच्या प्रसिद्ध सूचनांची एक फाईल ठेवणे तर बिनखर्चाचे आहे.

निष्कर्ष

यवतमाळसारख्या मध्यम शहरात नागरी सेवांचा प्रश्न निधी व यंत्रणा यांपुरता मर्यादित नसून तो माहितीच्या वाटपाचाही प्रश्न आहे. हद्दवाढीने रहिवाशांस शहराचे करदाते केले, परंतु ग्रामसभेची जागा घेणारे व्यासपीठ आपोआप दिले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी नगर परिषदेने वॉर्डात येऊन माहिती देणे, वृत्तपत्रांनी ठरावांचा पाठपुरावा करणे आणि महाविद्यालयांनी दोहोंना अभ्यासाची जोड देणे आवश्यक ठरते. नळ कोणाच्या अखत्यारीत आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तोच कोरड्या नळाचा जाब विचारू शकतो.