शिळ्या कार्यक्रमांचं कोठार

नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठ ग्रंथालयात व्हिडिओ कॅसेटचं कपाट उघडलं, तर स्वयंपाक आणि व्यवस्थापन एकाच भिंतीला नांदताना दिसायचे. ड्युई वर्गीकरणात पाककला 641.5 वर आणि व्यवस्थापन 658 वर. दोघंही 600 च्या घरातले शेजारी. प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी असायची: वाहिनी, कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि खाली बारीक अक्षरात एक सूचना. ही प्रत शिक्षणापुरतीच आहे, धंद्यासाठी नाही. ही चिठ्ठी म्हणजे कुणा ग्रंथपालाची टापटीप नव्हे, परवान्याची अट होती.

हे कपाट भरलं ते एका कायद्यामुळे. त्याआधी शालेय कार्यक्रम आणि ओपन युनिव्हर्सिटीचे पाठ यांच्यासाठी वेगळी सोय होती, पण रात्री लागलेला एखादा माहितीपट प्राध्यापकाला वर्गात दाखवावासा वाटला, तर पंचाईत. 1988 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 35 व्या कलमानं ती सोडवली. शिक्षणसंस्थेला प्रक्षेपण रेकॉर्ड करायला मोकळीक मिळाली. मात्र हक्कदारांनी परवान्याची योजना आणली असेल, तर तो परवाना घ्यायचा. हक्कदार कसले गप्प बसतात! वाहिन्या, लेखक, कलावंत, संगीतवाले एकत्र आले आणि एज्युकेशनल रेकॉर्डिंग एजन्सी उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या डोईमागे वर्षाचे ठरावीक पैसे भरायचे आणि हवं ते रेकॉर्ड करायचं. कार्यक्रमागणिक परवानगी मागायची कटकट संपली. मला हा व्यवहार फार शहाणपणाचा वाटतो, कारण कुणाला फुकट काही मिळालं नाही आणि कुणाचं अडलंही नाही.

प्रत्यक्ष काम मात्र रटाळ. प्राध्यापकानं 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकातल्या कार्यक्रमावर खूण करून चिठ्ठी पाठवायची, दृक्‌श्राव्य विभागातल्या माणसानं व्हीसीआरला टायमर लावायचा. ई-180 कॅसेट, तीन तास. बीबीसी टूवर स्नूकरचा सामना लांबला, की पुढचं सगळं सरकायचं आणि टेपवर अर्थकारणाऐवजी हिरवं टेबल यायचं. शिक्षकाला घरी रेकॉर्ड करून आणायचीही मुभा होती.

या कपाटात काय जमा झालं ते बघण्यासारखं आहे. 1990 च्या 'ट्रबलशूटर' मालिकेत आयसीआय या बलाढ्य रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वे-जोन्स अडचणीतल्या उद्योगांना भेटी देत. त्यात सफरचंदाचा रस काढणारी कोपेला होती आणि माल्व्हर्नची मॉर्गन ही मोटार कंपनीही. मॉर्गनच्या गाड्यांसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. सर म्हणाले, उत्पादन वाढवा, किमती वाढवा, पद्धती बदला. मालकांनी नम्रपणे कानाडोळा केला. व्यवस्थापनाच्या वर्गात हा भाग चवीनं दाखवला जाई, जुनाट मालकाचा नमुना म्हणून. पण 2008 मध्ये आयसीआयच अ‍ॅक्झोनोबेलच्या पोटात गेली आणि मॉर्गनच्या गाड्या त्यानंतरही माल्व्हर्नलाच बनत राहिल्या. आता तीच टेप लावली, तर विद्यार्थी सल्लागाराकडे बघतात. प्रक्षेपणाच्या रात्री हा धडा त्या टेपमध्ये नव्हता; तो अठरा वर्षं पडून राहिल्यावर आला.

व्यवसाय आणि खाणं यांची खरी गाठ पडते ती उद्योजक भांडवल मागायला येतात त्या 'ड्रॅगन्स डेन' कार्यक्रमात. फेब्रुवारी 2007. जमैकात जन्मलेला लीव्हाय रूट्स गिटार घेऊन, गाणं म्हणत पाच धनिकांसमोर येतो. नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये विकलेल्या आपल्या 'रेगे रेगे' सॉससाठी त्याला 50,000 पौंड हवेत, बदल्यात 20 टक्के हिस्सा. सॉसची मागणी आली आहे म्हणतो, पंचवीस लाख लिटर. कागद तपासला तर आकडा निघतो 2,500 किलो! एरवी इथंच सगळं संपतं. तरी दोघं जण पैसे लावतात, हिस्सा मात्र 40 टक्के घेतात. थोड्याच दिवसांत बाटल्या सेन्सबरीच्या फळ्यांवर. मूल्यांकन, वाटाघाट, किराणा साखळीची ताकद हे सगळं एका टेपमध्ये, आणि वर गाणं.

उलट दिशेनंही हेच: स्वयंपाकाच्या कार्यक्रमांतून बाजार दिसतो. 1998 मध्ये डेलिया स्मिथनं 'हाऊ टू कुक'ची सुरुवात अंडं उकडण्यापासून केली. समीक्षकांनी खिल्ली उडवली, देशात अंड्यांचा खप वाढला. तिनं वापरलेली वस्तू दुकानांतून गायब होते, या प्रकाराला कॉलिन्स शब्दकोशानं 2001 मध्ये नोंदही दिली. मधुर जाफ्रींच्या 1982 च्या बीबीसी मालिकेनंतर मँचेस्टरमधली कोथिंबीर संपल्याची आठवण त्या स्वतः सांगतात. आपल्याकडे भाजीवाला वर फुकट टाकतो ती कोथिंबीर! आणि 2005 मध्ये जेमी ऑलिव्हरनं ग्रिनिचच्या किडब्रुक शाळेत, नोरा सँड्स या स्वयंपाकिणीच्या मुदपाकखान्यात शिरून दाखवलं, की एका मुलाच्या जेवणातल्या जिन्नसांवर 37 पेन्स खर्च होतात. पावणेतीन लाखांच्या आसपास सह्यांचं निवेदन पंतप्रधानांच्या दारी गेलं आणि सरकारनं 28 कोटी पौंड कबूल केले. पाककृती म्हणून हे पाहणं म्हणजे निम्मंच पाहणं.

हे सगळं वाहिन्यांकडे नसेल का? जुन्या काळाबद्दल तरी भरवसा नको. दोन इंची टेप महाग, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसी कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरायची. शिवाय वाहिनी जपते तो स्वच्छ कार्यक्रम. ग्रंथालयाच्या टेपवर मधल्या जाहिरातीही असतात, निवेदिकेची घोषणा असते, कधी पुढच्या बातम्यांची दोन मिनिटं. खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्याला या जाहिराती कधीकधी मुख्य कार्यक्रमाहून मोलाच्या.

पुढे कपाटाची जागा 'बॉक्स ऑफ ब्रॉडकास्ट्स'नं घेतली. बोर्नमथ विद्यापीठात सुरू झालेली ही सोय विद्यापीठांच्या चित्रपट-परिषदेमार्फत देशभर पोचली. पंचाहत्तरच्या आसपास वाहिन्या, वीस लाखांहून अधिक कार्यक्रम. लिखित संवादांत शब्द शोधायचा, हवा तेवढा तुकडा कापून वर्गासाठी ठेवायचा. टायमर नाही, स्नूकरची भीती नाही. तिकडे जुन्या कॅसेटचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. यंत्रंच संपत चालली, तर टेपा सांभाळून काय करणार?

एक अट मात्र तशीच राहिली. परवाना ब्रिटनच्या हद्दीपुरता. लीड्सला एमबीए करणारी मुलगी सुट्टीत कोल्हापूरला आली, की तिच्या विद्यापीठाचं हे कोठार तिच्यापुरतं बंद. वर्गात अर्धा पाहिलेला लीव्हाय रूट्स परत गेल्यावरच पूर्ण करायचा.