चालत्या आज्ञावलीचे अवलोकन

चिंचपोकळीच्या फलाटावर धिमी गाडी किती मिनिटांनी येणार हे सांगणारा इंडिकेटर उतारूंच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यामागे अहोरात्र चालणारी एक आज्ञावली आहे ह्याचे स्मरण कोणाला सहसा होत नाही. गाडी रुळांच्या एखाद्या तुकड्यावर आली, की त्या तुकड्यातील दोन रुळांना दिलेला क्षीण विद्युत्प्रवाह चाकांतून आणि आसातून आडवा वळतो. तेवढ्यावरून तो तुकडा व्यापला गेल्याची वर्दी नियंत्रणकक्षात पोहोचते. आणि मध्य रेल्वेची 'ट्रेन मॅनेजमेंट सिस्टिम', जिला रेल्वेचे लोक 'टीएमएस' म्हणतात, कोणती गाडी कोठे आहे ते ताडून फलाटावरचे आकडे बदलते.

अशी आज्ञावली साफ बंद पडली, तर निदान दोष उघड असतो. खरी कसोटी लागते ती आज्ञावली चालू असूनही अडखळते तेव्हा. समजा, सकाळी गर्दीच्या वेळी आकडे अर्धे मिनिट उशिरा बदलतात आणि दुपारी सारे सुरळीत होते. आज्ञावलीचा मजकूर वाचावा तर चूक दिसत नाही. रात्री चालवून पाहावी तर सकाळचा भार नसल्यामुळे ती निर्दोष भासते. रुळांची दुरुस्ती रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये करता येते, कारण तडा गेलेला रूळ गाड्या थांबल्यावरही तडा गेलेलाच राहतो. आज्ञावलीचा दोष मात्र पुष्कळदा ती थांबवताच अदृश्य होतो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेले 'टिफ्रॅक' हे संगणकयंत्र 1960 साली कार्यान्वित झाले, तेव्हा त्याच्या स्मृतीत प्रत्येकी 40 बिटांचे 2048 शब्द मावत. एवढ्या संचाची झडती कागदावर घेणे कष्टाचे खरे, पण माणसाच्या आवाक्यातले होते. आज ते सर्वथा अशक्य आहे. म्हणून 'डीबगर' आले, जे आज्ञावलीला ठरावीक ओळीवर थांबवून तिच्यातील मूल्ये दाखवतात. पुढे 'एसट्रेस'सारखी साधने आली. फाइल उघडणे, वाचणे, संदेश पाठवणे ह्यांसाठी आज्ञावली संचालनप्रणालीकडे जो जो अर्ज करते, त्याची ती तत्काळ नोंद देतात. परंतु प्रत्येक अर्जागणिक, जाताना एकदा आणि परतताना एकदा, आज्ञावलीला तिष्ठावे लागते. दोन कामांच्या शर्यतीतून उद्भवलेला दोष ह्या विलंबानेच लपतो, आणि शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ह्या विद्येतील सर्वांत गहन अडचण हीच, असे माझे मत आहे.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल ह्यांनी ह्या अडचणीशी सरळ झुंज घेतली. त्यांचे 'डीट्रेस' 2005 साली सोलारिस 10 ह्या प्रणालीबरोबर सर्वांच्या हाती आले. प्रणालीत सहस्रावधी ठिकाणी निरीक्षणाची सोय असते, पण कोणी विचारत नाही तोवर तिचा भार जवळजवळ शून्य. विचारणा झाली की तेवढ्याच जागेचा हुकूम तात्पुरता बदलला जातो आणि काम उरकताच पूर्ववत केला जातो. प्रश्न ज्या 'डी' भाषेत लिहायचा, तिच्यात पुनरावर्तनाची मुभा हेतुपुरस्सर ठेवलेली नाही, जेणेकरून विचारणाराच यंत्राला अनंत फेऱ्यांत अडकवू नये. शिवाय लक्षावधी नोंदी बाहेर न ओतता त्यांची बेरीज जागच्या जागी होते. लिनक्समध्ये 2014 पासून रुजलेले 'ईबीपीएफ'ही निरीक्षकाची आज्ञावली आधी पारखून मगच आत घेते. हा आत्मसंयम मला ह्या साधनांचा श्रेष्ठ गुण वाटतो. आपल्या कल्पित उदाहरणात ती दाखवतील, की आज्ञावली मुळी मंद नव्हतीच. रोजनाम्यात नोंद लिहिण्यासाठी ती डिस्कची वाट पाहत होती, आणि त्याच घटकेला दुसरे एखादे काम त्याच डिस्कवर प्रती उतरवीत होते.

मात्र ज्याला आज्ञावलीतून जाणारे सारे दिसते, त्याला तिच्यातून जाणारी लोकांची खाजगी माहितीही दिसू शकते. म्हणून सोलारिसमध्ये स्वतःची आज्ञावली पाहण्याचा आणि प्रणालीचे अंतरंग पाहण्याचा अधिकार वेगवेगळा द्यावा लागतो. जेथे ही साधने वापरात येतात, त्या प्रत्येक दफ्तरात कोणी, केव्हा आणि काय पाहिले ह्याची नोंद ठेवण्याचा बंदोबस्तही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवा.