मॉलमधली वाट का वळते?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे सरकला की अमरावती-अकोल्यातली कॉलेजची पोरं दुपारी मॉल गाठतात. घ्यायचं काहीच नसतं, गारवा हवा असतो. निघताना मात्र हातात पिशवी असते.

फेंगशुईत असं मानतात की दारातून आलेली ‘ची’ ही ऊर्जा सरळ निसटू नये, वळणं घेत रेंगाळावी. अशी ऊर्जा कोणत्याही यंत्रानं मोजलेली नाही. माणसाचं रेंगाळणं मात्र मोजता येतं, आणि मॉल त्यावरच उभा असतो. खिडक्या कमी, घड्याळ सहसा नाही, त्यामुळे वेळेचा अंदाज सुटतो. एका सरकत्या जिन्यावरून उतरून पुढचा गाठायला अनेकदा दुकानांसमोरून वळसा घ्यावा लागतो. ठरवलेलं विसरून माणूस असा भटकू लागतो, त्याला ‘ग्रुएन ट्रान्सफर’ म्हणतात.

व्हिएन्नात जन्मलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत ‘साउथडेल’ हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. त्यांना खरं तर हवा होता लोकांनी निवांत भेटायचा चौक. मॉलचं पुढं जे झालं, त्यावर त्यांनीच कडाडून टीका केली. मला त्यांचं पटतं: वऱ्हाडातल्या पोरांना उन्हाळ्यात बसायला फुकटची थंड जागा हवी, गार वाचनालयं हवीत.